अकोल्यात बादली आत, ठाण्यात बादली बाहेर

अकोल्याचं घर आवरून आईला ठाण्याला आणलं तेव्हा तिने तीन वस्तू हट्टाने टेम्पोत चढवल्या: पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब आणि पत्र्याचा कूलर. पाटा कामाला आला. बंबात सध्या छत्र्या राहतात. कूलर मात्र पहिल्याच मे महिन्यात नापास झाला.

वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकी भरली, बटण दाबलं. पहिली दहा मिनिटं बरी गेली. तासाभरात चादर ओलसर लागायला लागली, फरशी चिकट झाली, आणि सकाळी डब्याबाहेर राहिलेले पापड सादळून पोळीसारखे मऊ. आई कूलरकडे बघत राहिली. “काय झालं रे याले? अकोल्यात तं गोधडी घ्या लागे.”

त्याला काहीच झालं नव्हतं. मोटर तीच होती, पंप तोच, वाळ्याचा वासही तोच. फक्त हवा दुसऱ्या गावची होती. तो कूलर का हरला हे आईला समजावता समजावता घर गार आणि गरम करणारी जवळजवळ सगळी यंत्रं मलाच नव्याने समजली.

सुरुवात एका गोष्टीपासून करावी लागते: थंडी तयार करता येत नाही. कुठलंच यंत्र ती करत नाही. असते ती उष्णता, कमी किंवा जास्त. खोली गार करायची म्हणजे खोलीतली उष्णता उचलून दुसरीकडे टाकायची. म्हणून उन्हाळ्यात फ्रिजचं दार उघडून समोर बसणारी मुलं खोली गार करत नसतात, तापवत असतात. फ्रिज पुढून घेतलेली उष्णता मागच्या बाजूने त्याच खोलीत सोडतो, आणि वर स्वतः खाल्लेल्या विजेचीही उष्णता होते. पंखाही खोलीचं तापमान कमी करत नाही. तो तुमच्या अंगावरचा घाम लवकर वाळवतो, म्हणून गार तुम्हाला वाटतं. रिकाम्या खोलीत चालू ठेवलेला पंखा फक्त बिल वाढवतो.

कूलर उष्णता टाकतो ती पाण्यात. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि चांगली भरपूर लागते. एक लिटर पाणी नुसतं वाळून हवेत जायचं तर साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता त्याला कुठून तरी मिळवावी लागते. माठात ती उरलेल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होतं. कूलरमध्ये ती ताट्यांमधून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते, म्हणून हवा गार होते. भर उन्हाळ्यात मोठा कूलर तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. हिशेब करा: तासाला साडेसहा युनिटांइतकी उष्णता हवेतून काढली, आणि मोटर व पंप मिळून वीज खाल्ली जेमतेम दोनशे वॅट. त्यातला सगळा गारवा खोलीच्या पदरात पडत नाही, कारण ती हवा पुढे निघून जाते. तरीही एवढ्या स्वस्तात एवढं काम करणारं दुसरं यंत्र घरात नसेल.

पण पाणी वाळायला हवेत जागा हवी. धुतलेलं धोतर अकोल्यात मे महिन्यात वीस मिनिटांत कडक वाळतं आणि ठाण्यात जुलैत दोन दिवस आंबट वास मारत लटकतं, हाच तो फरक. मे महिन्याच्या दुपारी अकोल्यात पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत पाणी असतं ९ ग्रॅमच्या आसपास. ठाण्यात ३४ अंश आणि ७० टक्के असेल तर तेवढ्याच हवेत २६ ग्रॅम. दहा बाय बाराच्या आमच्या खोलीत, काहीही न करता, जवळपास तांब्याभर पाणी आधीच तरंगत होतं. त्यात कूलर आणखी पाणी घालायला निघालेला.

कुठल्या हवेत कूलर किती काम करेल हे बघायची जुनी, साधी युक्ती आहे. थर्मामीटरच्या खालच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला. पारा उतरत जाऊन जिथे थांबतो, त्याच्या खाली त्या हवेत कुठलाही कूलर जाऊ शकत नाही. वर सांगितलेल्या अकोल्याच्या दुपारी तो पारा २३ अंशांजवळ थांबतो. म्हणजे ४४ची हवा चांगल्या ताट्यांमधून २७-२८ अंशांवर येते. गोधडीची गोष्ट अगदीच खोटी नाही, रात्री तर नाहीच. ठाण्याच्या हवेत हाच पारा २९च्या वर अडकतो. ३४ अंशांची हवा कशीबशी ३०वर येते, आणि तीही ओलीचिंब. अशा हवेत घाम वाळत नाही. म्हणजे पंखा जे काम फुकटात करत होता, तेही कूलरने बंद पाडलं.

आणखी एक चूक मी स्वतः केली होती. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. विदर्भातल्या कुणालाही याचं हसू येईल. तिथे कूलर खिडकीबाहेर घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, चढवलेला असतो, त्याला बाहेरची कोरडी हवा ओढायची असते, आणि समोरच्या खिडकीचा एक पल्ला उघडा ठेवायचा असतो. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ताट्यांमधून फिरते, आणि अर्ध्या तासात अकोल्याचंही ठाणं होतं. नवतप्यात, म्हणजे २५ मेनंतरच्या त्या नऊ दिवसांत जो कूलर देवासारखा वाटतो, तोच मृगाच्या पहिल्या दोन सरींनंतर चिकचिक करायला लागतो.

कूलरवाल्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, त्या विषयाला थोड्या सोडून आहेत पण जिवाच्या आहेत. टाकीत पाणी भरताना प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पत्र्याची टाकी, ओले हात, अर्थिंग नसलेलं जुनं वायरिंग, यांतून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. आणि आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा. त्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आनंदाने अंडी घालतो. शिवाय उडून जातं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच मागे राहतात. ताट्यांवर पांढरी खपली धरते ती त्यांचीच.

तर शेवटी ठाण्यात एसी आला. आईने त्याच्यात पहिली गोष्ट काय पाहिली असेल, तर बाहेर लोंबणारी बारीक नळी. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. तिने खाली बादली ठेवली. सकाळी बादली भरली होती. “याच्यात तं आपण पाणी टाकलंच नाही!”

हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. एसीच्या आतल्या जाळीचं, म्हणजे कॉइलचं, तापमान दहा अंशांच्या आसपास असतं. खोलीतली दमट हवा तिच्यावरून गेली की गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब धरतात तसं तिच्यातलं पाणी कॉइलवर धरतं आणि नळीतून निघून जातं. खोलीत तर तांब्याभरच पाणी होतं, मग बादली कशी भरते? फटींमधून बाहेरची हवा येत राहते, आपला श्वास असतो, न्हाणीघराचं दार उघडं असतं. अकोल्यात कूलरला रात्रभर बादल्या घालाव्या लागत, ठाण्यात एसीमधून बादली बाहेर येते. आणि हिशेब तोच, फक्त उलटा. पाण्याची वाफ होताना जितकी उष्णता हवेतून जाते, तितकीच वाफेचं पाणी होताना परत मिळते, आणि ती एसीला बाहेर वाहून न्यावी लागते. म्हणजे कोकणपट्टीत एसीच्या विजेचा चांगला मोठा वाटा हवा गार करण्यात जात नाही, ती पिळण्यात जातो. पण खोली २६ अंशांवर असूनही सुखाची वाटते, ती त्या पिळण्यामुळेच.

एसीचा जन्मच मुळी यासाठी झाला. १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता, आणि एकावर एक छापायचे रंग जागच्या जागी बसत नव्हते. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढून घेणारी व्यवस्था आखून दिली. माणसांच्या सुखाचा विचार नंतर आला. आधी कागद होता. आमच्याकडे पापड होते.

आता ही उष्णता बाहेर नेतो कोण? लग्नाच्या मांडवात आचाऱ्याच्या भट्टीला लावलेलं सिलिंडर पाहिलं असेल. भट्टी जोरात चालू असली की सिलिंडरला खालच्या अंगाने दव धरतं, कधी पांढरा बर्फही. आत गॅस द्रवरूपात असतो. तो उकळून वायू होताना लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून ओढून घेतो. जाळ इकडे आणि गारठा तिकडे. एसीत हेच होतं, फक्त गॅस जाळून न टाकता पुन्हा पुन्हा वापरला जातो. आजच्या बहुतेक घरगुती एसींमध्ये आर-३२ नावाचा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ५२ अंशांवर उकळतो. दाब वाढवला की उत्कलनबिंदू वर चढतो. कुकरमध्ये पाणी शंभरच्या वर जातं तसंच. सगळी जादू या एका गोष्टीत आहे.

खोलीतल्या कॉइलमध्ये त्याच्यावर हवेच्या दाबाच्या सुमारे अकरा पट दाब ठेवलेला असतो. त्या दाबाला तो दहा अंशांवर उकळतो. दहा अंशांवर उकळणाऱ्या द्रवाला २८ अंशांची खोली म्हणजे चूलच. तो उकळतो आणि खोलीची उष्णता पोटात घेतो. मग बाहेरच्या पेटीतला कॉम्प्रेसर त्याला एकतीस पटींच्या आसपास दाबतो. (गाडीच्या टायरमध्ये जेमतेम तिप्पट असतो.) सायकलचा पंप मारताना हाताला चटका बसतो तसा वायू तापतो. आता त्याचा उत्कलनबिंदू ५० अंशांवर गेलेला असतो, म्हणून ३४ अंशांची बाहेरची हवाही त्याला गारच लागते. तो तिथे उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. पुढे केसासारख्या बारीक नळीतून, कॅपिलरीतून किंवा तिच्या जागी असलेल्या झडपेतून, त्याला एकदम सैल सोडलं जातं. दाब पडतो, तो गार होतो आणि परत खोलीत येतो.

घरात उष्णता पाण्यासारखी खाली साचली आहे असं समजा. एसी ती विहिरीतून शेंदल्यासारखी वर ओढून बाहेर ओततो. आर-३२ ही बादली, कॉम्प्रेसर हा रहाट. वीज लागते ती शेंदायला. म्हणूनच दीड किलोवॅट वीज खाणारा दीड टनाचा एसी पाच किलोवॅटहून जास्त उष्णता बाहेर फेकू शकतो. ऐकायला फसवणूक वाटते, पण रहाटावरचा माणूस पाणी निर्माण करत नसतोच.

हा ‘टन’ वजनाचा आहे, आणि बर्फाचा आहे. १८३३ साली बोस्टनहून तळ्यांतला बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला होता. पुढे मुंबई-मद्रासलाही तो येऊ लागला, आणि त्यासाठी बांधलेली मद्रासची बर्फकोठी आज विवेकानंदर इल्लम म्हणून समुद्राकाठी उभी आहे. गारव्याचा व्यापार आधी असा बर्फाने होत असे. यंत्रं आली तेव्हा माप तेच राहिलं: एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खातो तेवढं काम करणारं यंत्र एक टनाचं. साडेतीन किलोवॅट. दुकानदार “घ्या दीड टन, उगाच रिस्क नको” म्हणतो तेव्हा तो तुमच्या खोलीत रोज साडेतेराशे किलो बर्फ आणून टाकायला सांगत असतो. लहान खोलीला इतका लागत नाही. उलट जुन्या पद्धतीचा, बंद-चालू होणारा मोठा एसी लहान खोली पटकन गार करून थांबतो आणि पाणी पिळायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट. इन्व्हर्टर एसी रहाट सावकाश फिरवत ठेवू शकतो, म्हणून दमट गावांत तो जास्त शोभतो.

विहीर जितकी खोल, तितके कष्ट जास्त. १६ अंश लावले की खोली लवकर गार होते हा समज घराघरात आहे. तसं होत नाही. तापलेल्या खोलीत रहाट २४वरही पूर्ण जोरानेच फिरतो. १६ लावल्याने तो फक्त थांबत नाही, आणि रात्रभर जास्त खोलातून शेंदत बसतो. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो, आणि जानेवारी २०२०पासून नवे एसी चालू करताच २४ अंशांवर यावेत असा नियमही आहे. आमच्याकडे २६ आणि पंखा एकवर. पाहुणे कुरकुरतात.

विहिरीचा काठही उंच होऊ शकतो. बाहेरची पेटी डक्टमध्ये कोंबली, तिच्यासमोर भिंत आली, किंवा वरच्या-खालच्या पाच एसींच्या गरम फुंकरा तिच्या तोंडावर आल्या, की तिच्यासाठी बाहेरची हवा ३४ची उरत नाही, ४५ची होते. मग बिल वाढतं आणि आपण एसीला दोष देतो. नव्या इमारती बाहेरून छान दिसाव्यात म्हणून या पेट्या जाळीआड लपवतात, याचा मला मनापासून राग आहे.

राग दुसऱ्या एका गोष्टीचाही आहे. सर्व्हिसिंगला आलेला मुलगा दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, “साहेब, गॅस संपलाय, भरावा लागेल.” दोन वर्षं ओळीने मी भरला. नंतर कळलं की एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, वर्षानुवर्षं. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. शिवाय गळालेला आर-३२ हवामानाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा काहीशे पट जड पडतो. तेव्हा पहिला प्रश्न “किती लागेल?” हा विचारू नका. “गळतंय कुठे?” विचारा. आमच्या बाबतीत सांध्यावरचं एक नट सैल होतं. आणि त्याआधी स्वतः फिल्टर काढून नळाखाली धुवा. निम्म्या वेळा “गॅस संपला”चा अर्थ धुळीने जाळी चोंदली एवढाच असतो.

गरम करण्याचं प्रकरण आपल्याकडे लहान आहे. महाराष्ट्रात खोली कोण तापवतं? आपण पाणी तापवतो. बंबाची रचना मात्र आजही बघण्यासारखी आहे. जाळाचा नळकांडा पाण्याच्या मधोमध, त्यामुळे विस्तवाला चहूबाजूंनी पाणी. आंघोळीचं २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५वर न्यायचं तर गीझरला एक युनिट लागतं, आणि कितीही तारांकित गीझर घेतला तरी यात फार फरक पडत नाही. कारण तो उष्णता शेंदत नाही, विजेची थेट उष्णता करतो, एकास एक. तारे फक्त तापवलेलं पाणी किती वेळ गरम राहील ते सांगतात. खोलीतल्या लाल कॉइलच्या हीटरचंही तसंच.

पण रहाट उलटा फिरवला तर? एसीत एक चार वाटांची झडप टाकायची, जिने गॅसची वाट उलटी होते. आता उकळणं बाहेर आणि द्रव होणं आत. बाहेरच्या गार हवेतून उष्णता शेंदून घरात ओतायची. यालाच हीट पंप म्हणतात. बाहेर उणे पाच असलं तरी काम होतं, कारण गॅसला उणे बारावर उकळायला लावता येतं, आणि त्याला उणे पाचची हवाही ऊबदारच. एका युनिटला तीन युनिटांच्या आसपास उष्णता मिळते. दिल्लीतले ‘हॉट अँड कोल्ड’ एसी हेच करतात.

माझा भाचा म्युनिकजवळ राहतो. त्याच्या घरमालकाने गॅसची जुनी भट्टी काढून असा पंप बसवला. पहिल्याच थंडीत त्याचा घाबरून व्हिडिओ आला. बाहेरची पेटी पांढऱ्या बर्फाने माखलेली, अचानक पंखा थांबलेला, आणि वरून वाफेचे लोट. “मामा, जळला बहुतेक!”

जळला नव्हता. बाहेरची कॉइल शून्याखाली असते, हवेतलं पाणी तिच्यावर थेंबाऐवजी बर्फ होऊन बसतं आणि जाळी चोंदते. मग पंप काही मिनिटांसाठी झडप फिरवतो, स्वतःच्याच घरातली थोडी उष्णता उसनी घेऊन बाहेर नेतो आणि तो बर्फ वितळवतो. तेवढी मिनिटं म्युनिकचा तो पंप आमच्या ठाण्याच्या एसीचंच काम करत असतो. व्हिडिओत शेवटी बर्फाचं पाणी होऊन पेटीखालून ओघळताना दिसतं.

आईने चष्मा लावून तो व्हिडिओ दोनदा पाहिला. “त्याले म्हणा,” ती म्हणाली, “खाली बादली ठेव.”